कॉर्ड पाठ आहेत, पण उत्स्फूर्त वादन तुटक होते

प्रश्न:
मी बारा वर्षे हार्मोनियम वाजवतो आणि गेल्या वर्षापासून पियानोवर जॅझ शिकतो आहे. 'ऑटम लीव्ह्ज' या जॅझमधल्या प्रसिद्ध रचनेच्या पहिल्या आठ बारांतील (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, मला पाठ आहेत: ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ शार्प हाफ डिमिनिश्ड, बी सेव्हन आणि शेवटचे दोन बार ई मायनर. प्रत्येक कॉर्डसाठी वेगळे स्केल धरल्यास स्वर चुकत नाहीत. मात्र दर बारला वाक्य तुटते आणि पलटे (स्वरांचे ठरावीक सराव-क्रम) घोटल्यासारखे ऐकू येते. विश्लेषण नेमके कसे करावे?

प्रतिसाद १:
आपण सात कॉर्ड मोजता, तिथे हालचाली दोनच आहेत. पहिले तीन कॉर्ड म्हणजे जी मेजरमधले दोन-पाच-एक (सप्तकाच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरांवरचे कॉर्ड ओळीने), शेवटचे तीन म्हणजे ई मायनरमधले दोन-पाच-एक, आणि सी मेजर सेव्हन हा मधला सांधा. हार्मोनियमची पांढरी पाच, म्हणजे जी, षड्ज मानल्यास हे आठही बार शुद्ध स्वरांच्या एकाच सप्तकात बसतात. अपवाद फक्त बी सेव्हनमधल्या कोमल धैवताचा.

आता प्रत्येक कॉर्डचा त्याच्या मूळ स्वरापासूनचा तिसरा आणि सातवा स्वर पाहा. ए मायनर सेव्हनमध्ये ते मध्यम आणि षड्ज आहेत. डी सेव्हन येताच मध्यम जागीच राहतो आणि षड्ज निषादावर उतरतो. जी मेजर सेव्हनवर निषाद थांबतो आणि मध्यम गंधारावर येतो. पुढेही असाच एकाआड एक उतार आहे. आठवडाभर उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने एवढेच दोन स्वर वाजवा.

प्रतिसाद २:
वरील मत मान्य आहे, परंतु 'एकच सप्तक' हा सल्ला हार्मोनियमवाल्यांसाठी अर्धा धोक्याचा आहे, कारण आपला कान कुठेही षड्जावर विसावतो. डी सेव्हनच्या पहिल्या मात्रेवर षड्ज लांबवला, तर तो कॉर्डमधल्या निषादाशी भांडतो. सप्तक तेच राहते, न्यासाचे, म्हणजे थांबण्याचे, स्वर मात्र दर बारला बदलतात.

प्रश्नकर्ता:
षड्जाची खोड माझीच निघाली! बी सेव्हनवरच्या कोमल धैवतावरून ई मायनरच्या शुद्ध धैवतावर चढणे आता आपोआप सुचते. सी मेजर सेव्हनवर मात्र अजून अडखळतो.

प्रतिसाद १:
तिथे गंधारावर थांबा. तो मागच्या बारातूनच चालत आलेला असतो आणि पुढच्या बारात ऋषभावर उतरतो.