शेंगदाण्याची ॲलर्जी रोज थोडं थोडं देऊन जाते काय?

दारव्ह्याची आई:
माह्या पोरगा ६ वर्षांचा आहे, शेंगदाण्याचा कूट पोटात गेला की ओठ सुजतात अन् अंगावर गांधी उठतात, पोळ्याले शेजारी कूट घातलेली वांग्याची भाजी खाल्ली तर श्वासच लागला, यवतमाळले पोचेपर्यंत माह्या जिवात जीव नव्हता. सासूबाई म्हणतात रोज एक दाणा देत जा, सवय होते. ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराले सवय लावतात, ते इम्युनोथेरपी म्हणतात ते हेच काय?

वर्धेकर:
ताई, हात जोडतो, घरी देऊ नका! एका दाण्यात साधारण २५०-३०० मिलिग्रॅम प्रोटीन असते, अन् थेरपी सुरू होते अर्ध्या मिलिग्रॅमपासून, तेही डॉक्टरसमोर बसून, मग दर दोन आठवड्यांनी वाढवत ३०० पर्यंत नेतात. म्हणजे सासूबाईंचा एक दाणा ही शेवटची पायरी झाली. अमेरिकेत २०२० मध्ये ४ ते १७ वर्षांच्या पोरांसाठी या थेरपीची शेंगदाण्याची पावडर मंजूर झाली.

पुसदची मावशी:
माह्या भाचीचं दुधासाठी असंच चालू आहे. ॲलर्जी मुळातून जात नाही बरं, चुकून कणभर गेलं तर जिवावर बेतू नये म्हणून ही थेरपी असते, रोजचा डोस चुकवता येत नाही, डोस घेतल्यावर दोन-तीन तास उड्या मारू देत नाही, ताप असला की आधी डॉक्टरले फोन. आधी ॲलर्जीवाल्या डॉक्टरले दाखवा, अन् जोरात ॲलर्जी उठून श्वास लागला की देतात ते ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन गावाजवळ कुठं मिळते ते आजच विचारून ठेवा.

दारव्ह्याची आई:
सासूबाईंले वाचून दाखवलं, त्यांनी दाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला. सोमवारी नागपूरले जातो.