मदत हवी आहे: वीकहॅशमॅप वापरूनही ऑब्जेक्ट मेमरीतून हलत नाहीत

नमस्कार मंडळी,

जावात एक प्रोग्रॅम लिहितोय. ‘दस्तऐवज’ क्लासच्या प्रत्येक ऑब्जेक्टसाठी ‘सारांश’ काढायला वेळ लागतो, म्हणून काढलेले सारांश एका स्टॅटिक (प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणाऱ्या) वीकहॅशमॅपमध्ये, म्हणजे कीला घट्ट धरून न ठेवणाऱ्या मॅपमध्ये, ठेवतो. की म्हणून दस्तऐवज, व्हॅल्यू म्हणून सारांश. दस्तऐवजाचा शेवटचा रेफरन्स सुटला की मॅपमधली नोंद आपोआप गळून पडेल, असा माझा हिशेब.

गळत नाही. ५०० दस्तऐवज एकेक उघडून बंद केले, व्हेरिएबल नल केलं, तरी मॅपची साइझ ५००च. जीसीला (गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा) सिस्टम डॉट जीसीने हाक मारूनही काही नाही (ती विनंती असते, हुकूम नव्हे, हे ठाऊक आहे). हीप (ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी) लहान केला तर आउट-ऑफ-मेमरी एरर येतो. म्हणजे जीसी चालला, पण त्याला टाकण्याजोगं काही सापडलंच नाही!

एकच शंका: सारांशात ‘मूळ’ नावाचं फील्ड आहे, ते दस्तऐवजाकडे परत बोट दाखवतं. पण असं वर्तुळ जावाला अडत नाही ना?

उत्तर १

वर्तुळ निर्दोष आहे. जावाचा जीसी रेफरन्स मोजत नाही, रूटपासून (शोध जिथून सुरू होतो तिथून) कुठवर पोचता येतं ते बघतो, पोचता येत नाही तेच टाकतो. आता तुमची साखळी धरा: स्टॅटिक फील्ड हा रूट, तिथून मॅप, मॅपमधून सारांश, सारांशातून ‘मूळ’मार्गे दस्तऐवज. वीकहॅशमॅपमध्ये वीक असते ती फक्त की. व्हॅल्यू पक्की धरलेली असते. म्हणजे कीला तिचीच व्हॅल्यू जिवंत ठेवतेय. जावाडॉकमध्ये (जावाच्या अधिकृत माहितीपानांत) हा इशारा आहे, पण तिथवर वाचतो कोण.

व्हॅल्यूही वीकरेफरन्समध्ये (ऑब्जेक्टला घट्ट न धरणाऱ्या रेफरन्समध्ये) गुंडाळायचा मोह होईल. नको. मग सारांशाला धरणारं कुणीच उरणार नाही आणि पुढच्या फेरीत तोच उडेल. ‘मूळ’ काढा. किंवा सारांश दस्तऐवजातच एका फील्डमध्ये ठेवा, मग मॅपच नको.

आणि ते नल करणं सोडा. मेथड संपली की लोकल व्हेरिएबल जातंच.

धागाकर्ता

‘मूळ’ फक्त शीर्षकासाठी वापरत होतो! शीर्षकाची स्ट्रिंग सारांशात ठेवली, फील्ड उडवलं. साइझ ५०० वरून ३, आणि ते तीन उघडेच होते. लिसनरच्या (काही घडलं की ज्यांना कळवायचं त्या ऑब्जेक्टच्या) स्टॅटिक यादीतही हेच दुखणं असणार, आता तिकडे वळतो.