सॉल्व्हंट प्लांटच्या शटडाऊनमध्ये वेल्डिंग, परमिटवर सही करू का नको?

डीटीवाला:
नमस्कार मंडळी. अकोला जिल्ह्यात एका सॉल्व्हंट प्लांटवर (हेक्झेन वापरून सोयाबीनचं तेल काढते तो) शिफ्ट इनचार्ज आहे. दसऱ्यानंतर माल यायला लागते म्हणून आत्ता शटडाऊन चालू आहे. डीटीच्या (पेंडीतलं हेक्झेन तापवून काढते ते भांडं) व्हेपर लाइनला, म्हणजे वाफेच्या पाइपाला, खालून भोक पडलंय, ठेकेदाराचा वेल्डर म्हणते अर्ध्या तासाचं काम हाये. रात्रभर स्टीम मारली, व्हॉल्व्ह बंद आहेत, गॅस मीटर शून्य दाखवते, तरी साहेब सही कर म्हणून मागं लागले तर माझं मन होऊन नाही रायलं. मीटरवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर मागच्या वर्षीचं आहे अन् लाइनच्या तोंडाशी गेलं की हेक्झेनचा वास येतेच. काय काय पाहू?

खामगावचा फिटर:
सही करू नको भाऊ. वास येते म्हणजे हेक्झेन आत हायेच, मीटर काही म्हणो. अन् व्हॉल्व्ह बंद म्हणजे लाइन बंद असं कोणं सांगतलं तुले? सीटमध्ये पेंडीचा कण अडकला की व्हॉल्व्ह पास होते, म्हणजे आतून गळते, बाहेरून काही समजत नाही. कंडेन्सरकडून, एक्स्ट्रॅक्टरकडून, दोन्हीकडून ब्लाइंड प्लेट (लाइन पुरती बंद करणारी जाड चकती) पाहिजे. माझं ऐकशील तर वेल्डिंग तिथं करूच नको. तो तुकडा फ्लँजचा (बोल्टनं जोडलेला) असन तर खोल, बाहेर दूर ने, धू, अन् मंग जोड.

बिनधास्त_७७:
एवढं काय घाबरता राजेहो, आमच्याकडं ओलं गोणपाट टाकतो अन् मारतो वेल्डिंग, आजवर काही झालं नाही

नागपूरकर सेफ्टी:
बिनधास्तभाऊ, गोणपाटानं ठिणगी अडते, पाइपातली वाफ नाही. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा साधारण तिप्पट जड असते, ती वर उडून जात नाही, नालीत, खड्ड्यात, डीटीच्या बुडाशी बसून राहते. हवेत फक्त १.१ टक्का झाली तरी पेटते. हिशोब करून पाहा, एक लिटर हेक्झेन सांडून पूर्ण उडालं तर आठ बाय आठची, दहा फूट उंच खोली पेटण्याजोग्या हवेनं जवळपास भरते. अन् फ्लॅश पॉइंट शून्याच्या बराच खाली, म्हणजे आपल्या विदर्भात ते पेटायला थंडी-ऊन पाहत नाही.

डीटीवाले, तुमच्या मीटरबद्दल. साधा एलईएल मीटर (हवेतला गॅस पेटण्याच्या हद्दीच्या किती जवळ आहे ते दाखवणारा) सेन्सरवर गॅस जाळून मोजतो, म्हणजे त्याला ऑक्सिजन लागतो. रात्रभर स्टीम मारलेल्या लाइनमध्ये हवाच नसेल तर तो शून्यच दाखवणार, मग आत हेक्झेन कितीही असो. वाफेचं पाणी सेन्सरवर बसलं तरी तेच. म्हणून आधी लाइन थंड होऊ द्या, हवा खेळू द्या, मग ऑक्सिजन मोजा (१९.५ टक्क्यांच्या वर असायला पाहिजे), त्यानंतर एलईएल, तेही वर, मधे अन् खाली. त्याआधी टेस्ट गॅस देऊन मीटर हलतो का बघा. सकाळी एकदा मोजलं अन् दिवसभर वेल्डिंग केलं हे चालत नाही. चिकटलेली पेंड तापली की पुन्हा हेक्झेन सोडते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीनंतर परत मोजायचं, मधे मधेही.

डीटीवाला:
हे ऑक्सिजनचं आम्हाला कोणीच नव्हतं सांगतलं! तुकडा दोन्हीकडून फ्लँजचाच आहे, निघते. पण साहेब म्हणतील सीझन तोंडावर अन् तू नखरे करतो.

नागपूरकर सेफ्टी:
तोंडी बोलू नका, परमिटच्या कागदावरच लिहा: 'ब्लाइंड नाही, मीटर कॅलिब्रेट नाही'. लिहिलेल्या कागदावर कोणी लवकर सही करत नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ४१-एच कलम आलं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवीन संहिता आहे, हा हक्क त्यातही आहे), जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगार थेट व्यवस्थापनाला सांगू शकतो अन् त्यांना लगेच उपाय करावा लागतो. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री लाइन धुताना ब्लाइंड टाकलं नव्हतं हे कामगारांनी सांगितलं होतं. विषारी वायूच्या टाकीत पाणी कसं गेलं यावर कंपनीचा दावा वेगळा होता, पण गळलेला वायू धुणारा स्क्रबर, तो जाळणारा फ्लेअर, टाकीचं कूलिंग यातलं काहीच धड चालू नव्हतं यात वाद नाही.

अजून एक, डीटीच्या आत साफसफाईला माणूस उतरवणार असाल तर त्याचं परमिट वेगळं. विहिरीत एक पडला की काढायला दुसरा उतरते अन् दोघंही जातात, तसंच होतं. बाहेरच्या माणसानं आत जायचंच नाही, दोरी-हार्नेसनं ओढायचं.

खामगावचा फिटर:
फ्लँज खोलताना आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी ढिला करजो, आत प्रेशर नाहीतर माल असला तर तिकडून निघन, तोंडावर नाही येणार. पाना पितळी घेजो. अन् उघड्या तोंडाले पत्र्याचा तुकडा लावू नको, फ्लँजच्या रेटिंगची जाड प्लेट अन् गॅस्केट टाकजो, प्लेटचा दांडा बाहेर दिसला पाहिजे म्हणजे सुरू करताना कोणी इसरणार नाही.

डीटीवाला:
प्लेटा वर्कशॉपमध्ये कापायला टाकल्या. मीटर कॅलिब्रेशनले पाठवतो, तोवर दुसरा भाड्यानं मिळते का नागपुरात?