पिक्चर सुरू होण्याआधीचा तो आवाज: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, विषय छोटा आहे, पण माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. दिवे विझायचे, जाहिराती संपायच्या आणि डॉल्बी डिजिटल, डीटीएस, एसडीडीएस या थिएटरातल्या आवाजाच्या पद्धतींपैकी कुठल्या तरी एकीच्या लोगोची फीत लागायची. वाफेचं इंजिन धडधडत अंगावर यायचं आणि डोक्यावरून मागे निघून जायचं. अर्ध्या-एक मिनिटाचा खेळ. त्यात ना गोष्ट, ना हिरो, ना गाणं. सबंध खेळात फक्त ऐकण्यासाठी केलेला तेवढाच एक तुकडा असायचा.

माझं म्हणणं असं आहे की आवाज कुठून येतो, हे कान देऊन ऐकायला आपण या फितींमुळे शिकलो. पोस्टरवर ‘डीटीएस’ कुणीही छापू शकतो. फीत लागली की त्या हॉलचा निकाल तिथल्या तिथे लागायचा. मागचे स्पीकर जिवंत आहेत का, खालचा सूर खुर्चीत जाणवतो का, डावं-उजवं बरोबर आहे का, सगळं उघडं पडायचं.

संदर्भासाठी थोडं: टीएचएक्स, म्हणजे हॉलच्या आवाजाची कसोटी, आलं १९८३ साली, डॉल्बी डिजिटल १९९२ साली, डीटीएस आणि सोनीचं एसडीडीएस १९९३ साली. आपल्याकडे यातलं बरंचसं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पोचलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, तिकीट स्टॉलचं, बसायला पुढच्या रांगांत. त्या गाडीचा आवाज मागे गेला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतली दोन माणसं चक्क वळून दरवाजाकडे बघत होती. तो क्षण माझ्या डोक्यात पक्का बसला आहे.

तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलंत? घरी डीव्हीडी आल्यावर काय केलंत? लिहा. एकच विनंती, ज्या हॉलबद्दल किंवा दुकानाबद्दल तक्रार आहे त्याचं नाव घेऊ नका. अनुभव महत्त्वाचा.

नाशिक रोडहून, पूर्वी प्रोजेक्टर केबिनमध्ये काम केलेले

विषय काढलात, बरं वाटलं. पब्लिकला लोगो दिसायचा, आम्हाला ती पट्टी हातात दिसायची.

पिक्चरची रिळं पेटीतून यायची आणि पिक्चर उतरला की परत जायची. लोगोची फीत मात्र आमच्याकडेच राहायची. छोटीशी गुंडाळी. प्रत्येक नव्या पिक्चरच्या पहिल्या रिळाला ती पुढे जोडायची. ३५ मिमीची पट्टी उजेडात धरली की सगळा संसार दिसायचा. चित्राच्या कडेला दोन नागमोडी पांढऱ्या रेषा, तो जुना ऑप्टिकल, म्हणजे उजेडाने वाचला जाणारा आवाज. त्या रेषा आणि चित्र यांच्यामध्ये बारीक तुटक रेघ, ती डीटीएसची. कडेच्या भोकांच्या मधल्या जागेत करड्या रंगाचे इवलेसे चौकोन, ते डॉल्बी डिजिटल. चौकोनाच्या मधोमध दोन ‘डी’ पाठीला पाठ लावून बसवलेले, नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतील असे. आणि अगदी बाहेरच्या दोन्ही कडांना निळसर पट्टे असले तर एसडीडीएस. एका फ्रेमला चार भोकं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सेकंदाला असे ९६ चौकोन वाचले जायचे. त्यातून सहा चॅनेलचा आवाज निघायचा. मला याचं आजही नवल वाटतं.

डीटीएसचं वेगळं. आवाज पट्टीवर नसायचाच. पेटीत सीडीसारख्या डिस्क यायच्या, त्या वेगळ्या मशीनमध्ये घालायच्या. पट्टीवरची तुटक रेघ फक्त सांगायची की आता अमुक पिक्चरचं अमुक रीळ, अमुक जागा. दुसऱ्या पिक्चरची डिस्क घातली तर मशीन घ्यायचंच नाही. पट्टी तुटून चार फ्रेम कापल्या गेल्या तरी डिस्क नेमकी पुढच्या जागेवर यायची. भारतात हे आणलं चेन्नईच्या रिअल इमेज कंपनीने, पुढे डिजिटल सिनेमाचं क्यूब काढलं तेच लोक.

आता लोगोच्या फितीबद्दल. पिक्चर दोन आठवड्यांत उतरायचा, पण ही फीत वर्षभर रोज चालायची. धूळ, तेल, ओरखडे. चौकोन वाचता आले नाहीत की प्रोसेसर आपोआप जुन्या ऑप्टिकल आवाजावर जायचा. पब्लिकला फक्त एवढंच जाणवायचं की हॉल अचानक आक्रसल्यासारखा झाला. म्हणून मी ती मऊ कापडाने पुसूनच लावायचो. माझ्या दृष्टीने तो खेळाचा पहिला नमस्कार होता.

आणि आवाजाच्या बटणाबद्दल. डॉल्बीच्या प्रोसेसरवर ७ हा आकडा म्हणजे स्टुडिओत मिक्सिंग करताना ठेवलेली पातळी. लोगो ७ वर वाजला की बाल्कनीतून निरोप यायचा, जरा कमी करा. मग ५ वर आणायचं. पुढे पिक्चरमध्ये संवाद ऐकू येत नाहीत म्हणून तेच लोक ओरडायचे. ७ वर वाजवायचं आणि स्पीकर चांगले ठेवायचे, हेच खरं उत्तर. खर्च कुणाला नको असायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सिडकोहून

मी आईला घेऊन गेले होते. ती इगतपुरीकडच्या खेड्यात वाढलेली, तिच्या लेखी सिनेमा म्हणजे पडद्याकडून येणारा आवाज. लोगो लागला आणि तिने माझा हात घट्ट धरला, म्हणाली, “अगं, मागे कोण आलं?” पिक्चर कुठला होता ते दोघींनाही आठवत नाही.

पंचवटीहून, वय सत्तरच्या पुढे

तुम्ही लोक नव्वदपासून सुरुवात करताय. आम्ही शोले ७० मिमीवर बघायला मुंबईला गेलो होतो. पहाटे उठून नाशिक रोड स्टेशन, ‘पंचवटी’ पकडून दादर. त्या प्रिंटवर सहा ट्रॅकचा स्टीरिओफोनिक आवाज होता, फितीवरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून वाजायचा. नाणं उडवल्यावर ते कुठे पडलं हे हॉलभर ऐकू यायचं. तेव्हा असली लोगोची फीत नव्हती, आणि ती फीत म्हणजे शेवटी जाहिरातच.

दोन ‘डी’ची ती खूण मी थिएटरच्या आधी कॅसेट डेकवर पाहिली. ‘डॉल्बी एनआर’ असं बटण असायचं. दाबलं की कॅसेटमधली ती सततची ‘स्स्स’ कमी व्हायची. रे डॉल्बी यांचा मूळ धंदा हाच, खरखर काढण्याचा. हे गृहस्थ १९६३ ते १९६५ युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते आणि इथून गेल्यावर १९६५ मध्येच त्यांनी लंडनला कंपनी काढली. आपल्याकडच्या फार थोड्यांना हे माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

धागाकर्ता

काका, फार मोलाची भर घातलीत. केबिनवाल्या दादांना एक विचारतो, लोगोची जुनी गुंडाळी कुणाकडे शिल्लक असेल का? असेल तर सांभाळून ठेवा, फेकू नका.

गंगापूर रोडहून, गाणं शिकवणाऱ्या

मला टीएचएक्सबद्दल लिहायचं आहे. त्याच्या लोगोतला तो मोठा होत जाणारा सूर मी थिएटरमध्ये नाही, धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरवर ऐकला, डीव्हीडी लावल्यावर. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हटलं, परत लाव.

त्याला ‘डीप नोट’ म्हणतात. जेम्स मूरर यांनी लुकासफिल्ममध्ये १९८३ साली केला. सुरुवातीला तीसेक आवाज २०० ते ४०० हर्ट्झच्या अरुंद जागेत इकडे-तिकडे भटकत असतात, कुणाचा कुणाशी मेळ नाही. मग हळूहळू प्रत्येक जण आपापल्या जागेकडे सरकू लागतो, काही खाली, काही खूप वर. शेवटी जे उभं राहतं त्यात षड्ज आणि पंचम अनेक सप्तकांत पसरलेले आहेत आणि वर गंधार. जुळलेल्या तानपुऱ्यात कान दिला की खर्जाच्या तारेतून गंधार वर येतो ना, थेट तीच जात. म्हणूनच बहुधा तो आपल्या कानाला परका वाटत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो ऐकवते, मींड म्हणजे नुसतं सरकणं नव्हे, पोचायची जागा ठरलेली हवी, हे समजावण्यासाठी.

तो सूर निर्माण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यादृच्छिक आकडे होते, त्यामुळे चालवावा तेव्हा थोडा वेगळा निघायचा. २०१५ मध्ये मूरर यांनीच तो नव्याने केला, या वेळी ८० आवाज घेऊन. मला मात्र जुना अधिक भावतो. त्यात सुरुवातीचा गोंधळ जास्त मोकळा आहे.

इंदिरानगरहून

ताई, टीएचएक्सच्या निमित्ताने एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण खूप जण गल्लत करतात. टीएचएक्स ही आवाज साठवायची पद्धत नव्हे. हॉल कसा असावा, प्रतिध्वनी किती, बाहेरचा आवाज किती आत यावा, स्पीकर कसे, याची ती कसोटी. टॉमलिन्सन होलमन यांनी ती बांधली. त्या हॉलमध्ये आवाज डॉल्बीचा असू शकतो, डीटीएसचाही.

आता घरचं. आमच्याकडे आधी व्हीसीडी होत्या. व्हीसीडीत दोनच चॅनेल, त्यामुळे लोगो दिसायचा पण मागे काही जायचं नाही. पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक वेगळा, आलं ते डीव्हीडीवर. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास डीव्हीडी ३४ रुपयांना आणि व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा नाशिकमध्ये घरोघरी प्लेअर आले. एमजी रोडवरून होम थिएटरचा खोका रिक्षात घालून आणणारी माणसं तेव्हा सर्रास दिसायची.

आमचा हॉल दहा बाय बारा. दुकानातला माणूस येऊन जोडून गेला. गाणी छान वाजत होती, सगळे खूश. रात्री मी डीव्हीडीवरचा डॉल्बीचा लोगो लावला तर काही तरी खटकलं. चित्रात वस्तू डावीकडून येत होती आणि आवाज उजव्या कोपऱ्यातल्या मागच्या स्पीकरमधून. मागच्या दोन तारा उलट जोडलेल्या होत्या. शिवाय एका स्पीकरची लाल-काळी तार अदलाबदल झाली होती. त्यामुळे तो वाजत तर होता, पण त्याचा आवाज जागेवर बसत नव्हता, कानाभोवती पसरून राहायचा. गाण्यांत हे महिनोन्महिने कळलं नसतं. लोगोने दहा सेकंदांत दाखवलं. गालिच्याखालून तारा ओढून परत लावल्या तेव्हा बायको आणि मुलगा दोघंही जागे झाले होते, मग तिघांनी बसून तोच लोगो पुन्हा ऐकला.

तेव्हापासून मी ओळखीच्यांकडे नवं होम थिएटर लागलं की आधी लोगो लावून बघतो. काही इंग्रजी डीव्हीडींवर ‘टीएचएक्स ऑप्टिमायझर’ असायचा, त्यात प्रत्येक स्पीकर तपासायची सोय होती. तो लोकांनी फारसा वापरला नाही, याची मला हळहळ वाटते.

सातपूरहून

माझा अनुभव कडू आहे. आम्ही कंपनीतले सहा-सात जण दुसरी पाळी बुडवून गेलो होतो. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘डिजिटल साउंड’. लोगो लागला तेव्हा बाजूच्या भिंतींवरचे स्पीकर एकदम गप्प. सगळं पडद्यामागून. मध्यांतरात मी जिन्याजवळच्या भिंतीवरच्या एका खोक्याला कान लावून बघितला, बारीकशी गुणगुण, बस्स. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, पिक्चर बघा ना. पण बाहेर डिजिटलचं नाव लावून तिकिटाचे पैसे घेतले होते. तुमचं म्हणणं खरं आहे, ती फीत नसती तर मला कळलंच नसतं की काय मिळायला हवं होतं.

द्वारकेहून

मी गणपतीत डॉल्बी लावणाऱ्यांकडे काही वर्षं काम केलं, त्यामुळे बेस म्हणजे काय हे मला सांगायला नको. पण थिएटरमधला बेस वेगळा. आमच्याकडे तो छातीवर आदळतो, पाठोपाठ आदळतच राहतो. लोगोत एकदाच येतो, आधी सगळं शांत असतं. त्या शांततेमुळे तो मोठा वाटतो. ५.१ मधला ‘.१’ म्हणजे हाच, साधारण १२० हर्ट्झच्या खालचाच आवाज, बाकी काही नाही.

कॉलेज रोडहून, वय एकोणीस

मी रिळं पाहिलेली नाहीत. माझी सुरुवातच मल्टिप्लेक्सपासून. डॉल्बीचं अॅटमॉस, ज्यात छतावरही स्पीकर असतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाऊस खरंच छतावर पडतोय असं वाटून मी वर बघितलं, स्पीकरच्या रांगा दिसल्या. नंतर वाचलं की अॅटमॉस २०१२ मध्ये आलं, आवाजाचे १२८ पर्यंत ट्रॅक आणि ६४ पर्यंत स्पीकरना वेगवेगळा आवाज. आवाज ठराविक चॅनेलला बांधलेला नसतो, खोलीत कुठे असावा ते सांगितलेलं असतं आणि त्या त्या हॉलचं मशीन आपल्या स्पीकरप्रमाणे बसवतं.

पण मोबाईलवर तेच लोगो बघणाऱ्या मित्रांना काय आवडतं ते मला समजत नाही. ओटीटीवर तर लोगोची फीतच नाही, कोपऱ्यात छोटीशी अक्षरं दिसतात ‘अॅटमॉस’ म्हणून आणि लगेच पिक्चर सुरू. टीव्हीच्या दोन स्पीकरवरही तीच अक्षरं. खात्री करायला काही उरलेलं नाही.

नाशिक रोडहून, केबिनवाले, पुन्हा

धागाकर्त्यांना उत्तर. गुंडाळी माझ्याकडे नाही, पण हातभर लांबीचा एक तुकडा आहे, चौकोन आणि दोन ‘डी’ स्पष्ट दिसणारा. हवा असेल त्याने निरोप द्यावा, भिंगातून दाखवीन.

आणि त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला सांगतो. आता फीत नाही, हार्ड डिस्कवर फाइल येते. आवाज आमच्या काळापेक्षा स्वच्छ, कारण ३५ मिमीवर डॉल्बी डिजिटल दाबून बसवावं लागायचं, इथे न दाबलेला असतो. लोगोची फाइलही झिजत नाही. मग अडचण एकच राहते, ती वाजवताना दिवे अर्धे चालू असतात, दार उघडं असतं, लोक पॉपकॉर्न घेऊन जागा शोधत असतात. जाहिरातींच्या मध्ये कुठे तरी घुसवलेली असते. ती जाहिराती संपल्यावर, दार लावून, पूर्ण अंधारात लावायला एक पैसा लागत नाही. पुढच्या वेळी गेलात की बाहेर पडताना मॅनेजरला एवढंच सांगा. पाच-दहा जणांनी सांगितलं तर ते ऐकतात, हे मी आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.