कोकणकड्यावरचा व्हिडिओ आणि आवाज नुसता भुर्रर्र

भटकभवानी:
मंडळी मदत करा. बाबांना घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलेले, कोकणकड्यावर बसून ते त्यांच्या कॉलेजच्या ट्रेकच्या आठवणी सांगत होते आणि मी मोबाईलवर दहाबारा मिनिटं शूट केलं, घरी येऊन हेडफोन लावला तर नुसतं भुर्रर्र भुर्रर्र, मधेच एखादा शब्द. हे वाचवता येईल का काही? आणि पुढच्या वेळेसाठी काय घेऊ, स्वस्तातलं सांगा.

खुडबुड्या:
ऑडिओ ऑडॅसिटीत उघड (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) आणि झूम करून बघ. आवाजाच्या लाटांची डोकी वरखाली कापल्यासारखी सपाट दिसत असतील तर तेवढा भाग गेला समज, माइकला झेपेल त्यापेक्षा जास्त आलं की ते परत आणता येत नाही. बाकीच्याला हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा) लाव, ८० हर्ट्झपासून सुरू करून हळूहळू वर जा, वाऱ्याची घरघर बरीचशी खालच्या पट्टीत असते. जास्त वर गेलीस तर बाबा जुन्या लँडलाइनवरून बोलतायत असं वाटेल. नॉइज रिडक्शनच्या नादी लागू नकोस, ते पंख्यासारख्या एकसुरी आवाजाला ठीक, वारा दर सेकंदाला बदलतो.

मेलेलं_मांजर:
नाव बघून कळलंच असेल मी काय सांगणार 😄 माइकवर घालायच्या त्या केसाळ टोपीला डेडकॅट म्हणतात. वारा माइकच्या पडद्यावर थेट आदळतो म्हणून ती घरघर, केसांत शिरला की त्याचा जोर मोडतो आणि बोलणं मात्र आत जातं. नुसता फोम झुळुकेला पुरतो, कोकणकड्याला नाही, तिथे वारा खालून वर येतो, टाकलेली हलकी वस्तू परत अंगावर येते! कॉलरचा साधा वायरवाला माइक घे आणि जुन्या टेडीच्या केसाळ कापडाची टोपी शिव, फक्त आधी कापडातून फुंकर मारून बघ, आरपार गेली पाहिजे, मागे रेक्झिनसारखं अस्तर असलं तर आवाज गुदमरतो.

सावकाश:
खरेदी नंतर, आधी जागा बदला. कड्यापासून मागे येऊन एखाद्या दगडाच्या आडोशाला बसवायचं, बोलणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे आणि फोन अगदी जवळ. आणि दोन मिनिटं शूट करून तिथल्या तिथे हेडफोनवर ऐकायचं, हे कोणीच करत नाही (मीही नाही करत, खोटं कशाला बोलू). वारा पूर्ण काढूही नका हो, कोकणकडा आहे, थोडा ऐकू यायलाच हवा.

भटकभवानी:
बघितलं. पहिली चार मिनिटं सपाटच आहेत, पण पुढचं फिल्टर १०० वर ठेवल्यावर कळतंय, थँक्स खुडबुड्या! पहिला भाग घरी पुन्हा सांगा म्हटलं तर बाबा म्हणाले, घरात बसून काय सांगायचं. टेडी भाचीचा आहे, मागायची हिंमत होत नाहीये.