‘ओल्ड स्टाइल सेरिफ’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: टाइपफेसच्या, म्हणजे छपाईतल्या अक्षरवळणाच्या, वर्णनात हा शब्द वारंवार येतो. जुनाट, सजावटी अक्षरं असा अर्थ घ्यायचा का? आणि ती वापरायची कुठे?

उत्तर: जुनाट नाही, सजावटी तर मुळीच नाही. ही अक्षराच्या घडणीची एक रीत आहे. १४७०मध्ये व्हेनिसला मुद्रक जेन्सनने पाडलेल्या रोमन खिळ्यांपासून (खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरं) पुढे पॅरिसचा गॅरामाँड आणि लंडनचा कॅस्लन या खिळे घडवणाऱ्यांपर्यंत ती चालत आली. सेरिफ म्हणजे दांड्याच्या टोकाला फुटलेली छोटी रेघ. इथे ती दांड्यातून वळण घेत बाहेर पडते, काटकोनात चिकटवल्यासारखी दिसत नाही.

खरी खूण रोमन ‘ओ’मध्ये सापडते. तो मोठा करून पाहा. सगळ्यांत बारीक जागा बरोब्बर माथ्यावर आणि तळाशी नसतात. वरची जरा डावीकडे, खालची जरा उजवीकडे सरकलेली असते. रुंद टोकाची लेखणी तिरकी धरून लिहिलं की असंच होतं, आणि हाताची ती सवय धातूतही उतरली. शेजारी इटलीच्या बोदोनीच्या टाइपफेसमधला ‘ओ’ ठेवा: अक्ष, म्हणजे दोन बारीक जागा जोडणारी रेषा, ताठ उभा, बारीक रेघ केसासारखी. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा विसरत नाही.

प्रश्न: म्हणजे ‘बुकमन ओल्ड स्टाइल’ याच गटातला?

उत्तर: नावावर जाऊ नका. त्याचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या ठसठशीत अक्षरांत आहे. अक्ष जवळपास उभा, छोटी अक्षरं (स्मॉल लेटर्स) उंच. नावांचा घोळ तर गॅरामाँडलाही चुकला नाही. त्याच्या नावावर खपलेले काही खिळे प्रत्यक्षात सतराव्या शतकातल्या जाँ जानोंचे होते. १९२६मध्ये मुद्रणाच्या अभ्यासक बिट्रिस वॉर्ड यांनी ते दाखवून दिलं. मोनोटाइप कंपनीचा गॅरामाँड आजही जानोंच्या वळणाचा आहे, अडोबीचा मात्र खऱ्या गॅरामाँडच्या.

वापराचं म्हणाल तर कादंबरी, चरित्र, दीर्घ निबंध, म्हणजे जिथे वाचक तासन्‌तास बसणार तिथे माझी पहिली पसंती हीच. जाड-बारीक फरक मवाळ असल्याने पान डोळ्यांना टोचत नाही. पण यातली छोटी अक्षरं ठेंगणी असतात, त्यामुळे ११ पॉइंटचा (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) गॅरामाँड ११ पॉइंटच्या टाइम्स या टाइपफेसपेक्षा लहान दिसतो. अर्धा-एक पॉइंट वाढवावा लागतो. देवनागरी मजकुरात मध्येच रोमन शब्द आला तर हा ठेंगणेपणा फारच जाणवतो, तिथे आकार जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न: आणि ते खालीवर होणारे इंग्रजी आकडे?

उत्तर: तेही याच परंपरेतले. ३, ४, ५, ७, ९ ओळीखाली उतरतात, ६ आणि ८ वर चढतात. वाक्यात आलेलं साल त्यामुळे शब्दांत मिसळून जातं. तक्त्यात किंवा हिशेबात मात्र एकाच उंचीचे, एकाच रुंदीचे आकडे घ्या. नाहीतर बेरजेचा रकाना वाचणं जड जातं.