मदत हवी आहे : ‘वुई कट’ की ‘वुई आर कटिंग’?

शिरपूरकर_केळीवाला :
मंडळी, केळीच्या पॅकहाऊसवर कापणीपासून गाडी भरेपर्यंतचं सगळं मी बघतो. माल बाहेरदेशी जायला लागल्यापासून मुंबईच्या पार्टीला रोज इंग्रजीत मेसेज टाकावा लागतो. ‘वुई आर कटिंग डेली’ असं टाकलं की पलीकडून लगेच फोन : कापणी आत्ता सुरू आहे, की रोजचं सांगताय? बाराही काळ शिकायला सवड नाही, फक्त वर्तमानकाळाचं सांगा. आणि ते ‘एस’ कुठे लावायचं?

धुळ्याचे_मास्तर :
भाऊ, घरी अहिराणी बोलता ना? मग अर्धं काम झालंच आहे. ‘तो रोज वावरमा जास’ आणि ‘तो वावरमा जाई राहिना’, यात तुमची कधी गल्लत होते का? ‘जास’ असेल तिथे साधा वर्तमानकाळ : ही गोज. ‘जाई राहिना’ असेल तिथे चालू : ही इज गोइंग. पुस्तकी मराठीतून विचार केला की गोंधळ होतो, कारण तिथे ‘जातो’ सगळीकडे चालतं. रोज जातो, बरं मी जातो आता, उद्या जातो. म्हणून वाक्य आधी अहिराणीत म्हणून बघा.

एक मात्र सांभाळा. आपल्याकडे मी जास, तू जास, तो जास, सगळ्यांनाच ‘स’. इंग्रजीत तो फक्त ही, शी, इट किंवा एकट्या माणसाला-वस्तूला. आय कट, वुई कट, दे कट. पण ही कट्स. गो आणि वॉशसारख्यांना नुसतं एस नाही, ईएस लागतं. कॅरीचा वाय जाऊन आयईएस होतं.

तापीकाठ :
मास्तरांनी प्रश्नाचं राहू दिलं. ‘द ट्रक कम्स ॲट सिक्स’, पण विचारताना ‘डज द ट्रक कम?’ आणि नकारात ‘द ट्रक डझंट कम’. डज आलं की एस त्यानेच उचललं, क्रियापद मोकळं. लिहिताना कटिंगमध्ये टी दोनदा, आणि कमिंगमध्ये कमचा शेवटचा ई गळतो.

शिरपूरकर_केळीवाला :
जमतंय थोडं थोडं. मग रिकामे खोके आत्ताच हवेत, तर ‘वुई आर वॉन्टिंग बॉक्सेस’ ना? आणि ‘तीन वर्षांपासून माल पाठवतोय’ हे कसं लिहायचं? अहिराणीत म्हणून बघितलं, तरी अडकलो.

धुळ्याचे_मास्तर :
तिथे अहिराणी पुरणार नाही. वॉन्ट, नीड, नो यांना आत्ताचं असलं तरी आयएनजी लावत नाहीत. ‘वुई वॉन्ट बॉक्सेस’, झालं. मागे सुरू झालेलं अजून चालू असेल तर ‘वुई हॅव बीन सेंडिंग बनानाज फॉर थ्री इयर्स’. किती काळ ते सांगताना फॉर, कधीपासून ते सांगताना सिन्स : सिन्स 2022. ‘वुई आर सेंडिंग सिन्स थ्री इयर्स’ असं मोठमोठे साहेबही लिहितात, तुम्ही लिहू नका.

शिरपूरकर_केळीवाला :
आजचा मेसेज बघा बरं, मग टाकतो. ‘वुई कट एव्हरी मॉर्निंग. नाऊ वुई आर लोडिंग वन कंटेनर. इट रन ॲट 13 डिग्रीज.’

तापीकाठ :
‘रन्स’ करा. बाकी टाकून द्या बिनधास्त.